वडापाव, कोयना आणि 'हिरोशिमा' नावाचं एकक

कुर्ला स्टेशनबाहेर एक वडापाव घ्या. साधारण 300 किलोकॅलरी. आता गंमत बघा. 1 ग्रॅम टीएनटी म्हणजे 1 किलोकॅलरी, म्हणजेच 4,184 जूल, असं संकेतानं ठरलेलं आहे. तुमच्या हातात 300 ग्रॅम टीएनटीइतकी ऊर्जा आहे, आणि वडापावचं वजन तर त्याहून बरंच कमी!

मग तो फुटत का नाही? कारण फरक ऊर्जेत नाही, वेळेत आहे. टीएनटी ती ऊर्जा क्षणार्धात सोडतं, तुमचं शरीर काही तास घेतं. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक आपण अकरावीत पाठ करतो आणि मोठे आकडे आले की विसरतो.

14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टाइकीन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. ती सगळी टीएनटी धरली तर 140 कोटी किलोकॅलरी, म्हणजे जवळपास 47 लाख वडापाव. मुंबईच्या लोकलनं दिवसाला 75 लाखांच्या आसपास प्रवासी जातात. प्रत्येकानं एकेक खाल्ला तर डॉकच्या स्फोटापेक्षा जास्त ऊर्जा पोटात जाईल. हिशोब बरोबर आहे, पण त्या दुपारी काय झालं हे त्यातून काहीच कळत नाही.

माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी याच्या उलट चूक केली. स्लाइडवर लिहिलं, 'कोयनेचा भूकंप = तीन हिरोशिमा'. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप, मॅग्निट्यूड 6.3. गुटेनबर्ग-रिश्टरच्या सूत्रात (लॉग E = 4.8 + 1.5M, E जूलमध्ये) घातलं की 1.8 × 10¹⁴ जूल येतात. हिरोशिमाचा बॉम्ब 15 किलोटनांचा, म्हणजे 6.3 × 10¹³ जूल. भागाकार केला, झाले तीन. हॉल शांत झाला, मी खूश!

मागच्या रांगेतून एका सरांनी विचारलं, "6.3 च का? 6.6 सुद्धा छापलेलं आहे ना?" 6.6 घाला आणि बघा. 5 × 10¹⁴ जूल, म्हणजे तीनाचे आठ हिरोशिमा. मॅग्निट्यूड 0.3 नं सरकलं की ऊर्जा पावणेतीनपटीहून जास्त बदलते. दुसरा प्रश्न आणखी वाईट होता. सूत्र देतं ती फक्त भूकंपलहरींतून बाहेर पडलेली ऊर्जा, आणि बॉम्बचा आकडा मात्र एकूण ऊर्जेचा. आंबे आणि आंब्याच्या पेट्या मी एकाच तराजूत घातल्या होत्या. शिवाय हिरोशिमा हे गाव आहे, माप नव्हे. तो शब्द वापरून मी श्रोत्यांची भीती उसनी घेतली होती.

मग मी जवळचं माप शोधलं. कोयना जलविद्युत प्रकल्पाची आजची क्षमता 1,960 मेगावॅट. पूर्ण क्षमतेनं दिवसभर चालला तर 1.7 × 10¹⁴ जूल. म्हणजे 1967 च्या भूकंपलहरींची ऊर्जा कोयनेच्या एक ते तीन दिवसांच्या विजेइतकी! सुमारे 180 माणसं ज्यात गेली, तेवढीच ऊर्जा टर्बाइनमधून निवांत आली तर आपले पंखे चालतात.

फार आवडलं मला हे माप. पण त्यातही खोट निघाली. ऐकणाऱ्याला वाटतं, भूकंपाची ऊर्जा धरणातल्या पाण्यानं दिली. तसं नाही. कोयनेचा भूकंप जलाशयामुळे चालना मिळालेला मानतात, पण ताण खडकात आधीच साठलेला होता. पाण्यानं फार तर खटका ओढला. हे वाक्य सोबत नसेल तर माझं सुंदर एकक चुकीचं भूगर्भशास्त्र शिकवतं.

खगोलवाल्यांचं बरं आहे. त्यांचं 'फो' म्हणजे 10⁵¹ अर्ग, किंवा 10⁴⁴ जूल. इंग्रजीतल्या 'फिफ्टी-वन अर्ग्ज'च्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. सूर्य आपल्या पूर्ण आयुष्यात साधारण एवढी ऊर्जा बाहेर टाकतो. सुपरनोव्हाच्या गणितात आकडा एकाच्या आसपास राहावा, एवढीच त्याची नोकरी. कुणाला दचकवायचं नसतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं माप घालायचं असेल तर आधी जूल लिहा, पल्ल्यासकट. कुठली ऊर्जा आणि किती वेळात, तेही लिहा. वडापाव त्यानंतर. माझ्या स्लाइडवर आता '2 ते 5 × 10¹⁴ जूल, फक्त लहरींतून' असं आहे, आणि कोयनेची वीज मी तोंडी सांगते, खटक्याच्या वाक्यासकट.