विश्लेषण : व्हीएआर आले, तरी फुटबॉल पंचांवरचा राग का जात नाही? प्रशिक्षकांच्या थयथयाटाला आळा कसा घालणार?

पंचांनी गोल दिला. प्रशिक्षकाने हात हलवून आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावले आणि सामना तिथेच संपला. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरुत घडलेला हा प्रकार आयएसएलमध्ये अभूतपूर्व होता. मात्र त्यामागचा राग नवा नव्हता. पंच आपल्याच संघावर अन्याय करतात, ही भावना कोचीपासून लिव्हरपूलपर्यंत आणि गोव्यापासून तुर्कस्तानपर्यंत सर्वत्र आढळते. तंत्रज्ञानाने पंचांच्या चुका कमी झाल्या, चाहत्यांची चिडचिड मात्र कमी झाली नाही. असे का होते?

बंगळूरुत नेमके काय घडले?

बंगळूरु एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांच्यातील सामना ९० मिनिटांनंतर गोलशून्य बरोबरीत होता. अतिरिक्त वेळेच्या सुरुवातीलाच बंगळूरुला गोलक्षेत्राबाहेर फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू बचावाची भिंत रचण्याच्या गडबडीत होते आणि गोलरक्षक जागेवर नव्हता. तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू थेट जाळ्यात धाडला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर नेले. काही वेळ वाट पाहून बंगळूरुला १-० असे विजयी घोषित करण्यात आले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) केरला ब्लास्टर्सला चार कोटी रुपयांचा दंड केला. वुकोमानोविच यांच्यावर १० सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड अशी कारवाई झाली. जाहीर माफी मागितली नाही, तर दंडाची रक्कम वाढेल, असेही बजावण्यात आले. क्लब आणि प्रशिक्षक दोघांनीही माफी मागितली. चाहत्यांचा कौल मात्र वेगळा होता. संघ कोचीला परतला तेव्हा विमानतळावर त्याचे जल्लोषात स्वागत झाले आणि बंदी संपवून वुकोमानोविच परतले तेव्हा स्टेडियमने त्यांना डोक्यावर घेतले. नियमाने दोषी ठरलेला माणूस पाठीराख्यांसाठी नायक झाला होता.

त्या गोलाबाबत नियम काय सांगतो?

फ्री किक मिळालेल्या संघाला ती झटपट घेण्याचा अधिकार आहे. त्यासाठी शिट्टीची गरज नसते. प्रतिस्पर्धी ९.१५ मीटर दूर गेलेले नसले तरी चालते. मात्र हे अंतर मोजून हवे असे आक्रमक संघाने सांगितले आणि पंच त्या कामाला लागले, की पुढची किक शिट्टी वाजल्यावरच घेता येते. आपल्याला शिट्टी नको आणि भिंतही नको, असे पंचांना सांगितले होते, अशी छेत्रीची बाजू होती. एवढा वेळ गेल्यावर ती किक ‘झटपट’ राहत नाही, असे केरळचे म्हणणे होते.

म्हणजे वाद नियमाचा कमी आणि संवादाचा जास्त होता. पंच व छेत्री यांच्यात काय बोलणे झाले, हे भिंत रचणाऱ्या सगळ्या खेळाडूंना कळले नव्हते. प्रेक्षकांना तर ते कळण्याचा मार्गच नव्हता. फुटबॉलमधील बहुतेक रागाचे मूळ इथे आहे. निर्णय सगळ्यांना दिसतो, त्याचे कारण मात्र कोणालाच ऐकू येत नाही.

व्हिडीओ तंत्रज्ञान असते तर वाद टळला असता?

आयएसएलमध्ये त्या वेळी ‘व्हिडीओ असिस्टंट रेफ्री’ अर्थात व्हीएआर नव्हते. मात्र ते असते तर सगळे सुरळीत झाले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा गोल मैदानावरील पंचांनी ऑफसाइड ठरवला. चित्रफितीत तो ऑफसाइड नसल्याचे दिसत होते आणि व्हीएआर कक्षातील पंचांनाही ते दिसले. मात्र मैदानावर गोल दिला गेला आहे, असा त्यांचा समज झाला. त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असा निरोप दिला आणि खेळ सुरू झाला. चूक काही सेकंदांत लक्षात आली, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही. लिव्हरपूल तो सामना १-२ असा हरला.

इंग्लंडमधील पंचांच्या संघटनेने चूक मान्य केली आणि काही दिवसांत कक्षातील संभाषणाची ध्वनिफीतही जाहीर केली. ती ऐकल्यावर पंचांविषयीच्या कारस्थानाच्या चर्चांपेक्षा कक्षातील गोंधळच स्पष्ट झाला. निर्णय बदलला नाही. पण चूक कशी झाली हे तरी कळले.

अचूकता वाढली, मग राग का वाढतो?

व्हीएआरमुळे महत्त्वाच्या निर्णयांची अचूकता ८२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेली, असा प्रीमियर लीगचा दावा आहे. तरीही वुल्व्हरहॅम्प्टन क्लबने २०२४ मध्ये व्हीएआर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. तो १९ विरुद्ध १ मतांनी फेटाळला गेला, पण त्यामागची नाराजी अनेक स्टेडियममध्ये होती.

याची तीन कारणे सांगता येतात. पहिले, अपेक्षा वाढल्या. पंच एकटा होता तेव्हा ‘माणूस आहे, चुकणारच’ असे म्हणता येत असे. दहा कोनांतून चित्रफीत पाहूनही चूक झाली, तर ती माफ करणे जड जाते. दुसरे, व्हीएआर सगळेच तपासत नाही. मुळात त्याची रचना गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा या चार बाबींसाठी झाली. त्यातही चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असावी लागते. एखादी पेनल्टी दिली तरी टिकते आणि दिली नसती तरी टिकली असती, हे चाहत्याला विसंगत वाटते. नियमाच्या भाषेत मात्र ते सुसंगत असते. तिसरे, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकालाच सर्वांत कमी माहिती असते. घरी बसलेल्याला टीव्हीवर फेरचित्रण दिसते. स्टेडियममधला प्रेक्षक तीन-चार मिनिटे ताटकळतो आणि गोलचा जल्लोषही जपून करतो.

प्रशिक्षक टचलाइनवर एवढा आरडाओरडा का करतात?

नुसता संताप हे त्याचे कारण नसते. दबावाचा उपयोग होतो, हे प्रशिक्षकांना अनुभवाने माहीत असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ४० पंचांना एकाच सामन्यातील झटापटींची चित्रफीत दाखवली गेली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, तर काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. पंच पक्षपाती नव्हते. हजारो लोक ओरडले की मन साशंक होते, एवढेच. करोनाकाळात रिकाम्या स्टेडियममध्ये झालेल्या सामन्यांच्या अभ्यासांतही पाहुण्या संघांना मिळणाऱ्या जादा कार्डांचे प्रमाण घटल्याचे दिसले.

प्रशिक्षकाने हात उंचावले, की त्यामागचे स्टँड उठून उभे राहतात. म्हणजे तो एका पंचाशी नव्हे, हजारोंच्या जमावाशी बोलत असतो. शिवाय पराभवानंतर पंचांवर बोट ठेवले की डावपेचांतील चुकांची चर्चा मागे पडते. अर्थात, प्रत्येक टीका म्हणजे कांगावा नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या पराभवानंतर आर्सेनलचे मिकेल आर्टेटा यांनी पंचगिरीला ‘डिसग्रेस’ म्हटले. त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला, पण स्वतंत्र आयोगाने त्यांना निर्दोष ठरवले. आपल्या मातृभाषेत, स्पॅनिशमध्ये, त्याच्याशी मिळत्याजुळत्या शब्दाचा अर्थ ‘दुर्दैव’ असा होतो, असा त्यांचा बचाव होता.

त्यांच्यासाठी नियम काय आहेत?

प्रशिक्षकाला ‘टेक्निकल एरिया’ ठरवून दिलेला असतो. बाकांच्या दोन्ही बाजूंना एक मीटर आणि पुढे टचलाइनच्या एक मीटर अलीकडेपर्यंत. सूचना देण्यासाठी एका वेळी एकानेच उभे राहायचे असते. २०१९-२० पासून प्रशिक्षक व साहाय्यकांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवता येते. निर्णयावर नापसंती दाखवणे, कार्डाची वारंवार मागणी करणे, टीव्हीचा चौकोन करून व्हीएआर तपासणी मागत राहणे यासाठी पिवळे कार्ड. पंचांना जाब विचारायला मैदानात घुसणे, प्रतिस्पर्ध्यांनी घ्यायचा चेंडू अडवून ठेवणे किंवा आक्रमक वर्तनासाठी लाल. बाकावरून कोण ओरडले हे कळले नाही, तर शिक्षा तिथे असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला होते.

नियम पुरेसे कडक आहेत. अडचण अंमलबजावणीची आहे. एका सामन्यात चालवून घेतलेले वर्तन दुसऱ्या सामन्यात कार्डास पात्र ठरते आणि मग पंचांविरुद्धची तक्रार आणखी वाढते.

हा राग कुठवर जाऊ शकतो?

मे २०२३ मध्ये बुडापेस्टला युरोपा लीगचा अंतिम सामना सेव्हियाने पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला. पराभूत रोमाचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पंच अँथनी टेलर यांना शिवीगाळ केली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर रोमाच्या चाहत्यांनी टेलर आणि त्यांच्या कुटुंबाला घेरले. मोरिन्यो यांच्यावर चार सामन्यांची बंदी आली.

तुर्कस्तानात त्याच वर्षी ११ डिसेंबरला यापुढची पायरी गाठली गेली. भरपाई वेळेत बरोबरीचा गोल स्वीकारावा लागल्यानंतर अंकारागुजू क्लबचे अध्यक्ष फारुक कोजा मैदानात घुसले आणि त्यांनी पंच हलिल उमुत मेलेर यांच्या चेहऱ्यावर ठोसा मारला. खाली पडलेल्या मेलेर यांना लाथाही बसल्या. देशातील सर्व लीग काही दिवस थांबवाव्या लागल्या. कोजा यांच्यावर आजीव बंदी आली आणि पुढे न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

सर्वाधिक झळ पोहोचते ती मोठ्या पंचांना नव्हे, तर स्थानिक मैदानांवरील हौशी पंचांना. तिथे ना कॅमेरे असतात, ना सुरक्षारक्षक. इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी सामन्यांतील पंचांच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग करावा लागला, तो यामुळेच.

चाहत्यांचा संशय नेहमी निराधारच असतो?

नाही. इटलीत २००६ मध्ये उघड झालेल्या ‘काल्चोपोली’ प्रकरणात क्लबचे पदाधिकारी पंचांच्या नेमणुकांवर प्रभाव टाकत असल्याचे ध्वनिमुद्रित फोन संभाषणांतून समोर आले. युव्हेंटसची दोन विजेतेपदे गेली आणि त्या संघाला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. त्यामुळे ‘पंचांवर विश्वास ठेवा’ एवढे सांगून भागत नाही. पंचांची नेमणूक कोण करते, मूल्यमापन कसे होते, चूक झाल्यावर काय कारवाई होते, हे जाहीर असेल तर विश्वास ठेवणे सोपे जाते.

उपाय म्हणून काय सुरू आहे?

२०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी व्हीएआरनंतरचा निर्णय स्टेडियममध्ये ध्वनिक्षेपकावरून सांगितला. पुढे इतर स्पर्धांतही ही पद्धत आली. २०२४ च्या युरो स्पर्धेत फक्त कर्णधारानेच पंचांशी बोलायचे, असा दंडक घालण्यात आला. त्या बदल्यात पंचांनी निर्णयाचे कारण कर्णधाराला सांगायचे, अशी ती देवाणघेवाण होती.

तिसरा प्रयोग ‘फुटबॉल व्हिडीओ सपोर्ट’चा. क्रिकेटमधील डीआरएसची आठवण करून देणाऱ्या या पद्धतीत प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात दोनदा दाद मागता येते. दावा बरोबर ठरला तर संधी शिल्लक राहते. वेगळा व्हीएआर कक्ष नसतो, मैदानावरील पंच स्वतः पडद्यावर चित्रफीत पाहतात. २०२४ च्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात ही पद्धत वापरली गेली. तिचा एक फायदा असा, की प्रशिक्षकाला आरडाओरड्याऐवजी दाद मागण्याचा अधिकृत मार्ग मिळतो. संधी वाया घालवली तर जबाबदारीही त्याचीच.

भारतात आणि आपल्याकडे काय?

बंगळूरुचा प्रकार एकटा नाही. २०१५ च्या आयएसएल अंतिम सामन्यात फातोर्डा येथे चेन्नईयिनकडून हरल्यावर एफसी गोवाने बक्षीस समारंभावर बहिष्कार टाकला. त्या सामन्यानंतरच्या वर्तनाबद्दल क्लबला ११ कोटींचा दंड आणि १५ गुण कापण्याची शिक्षा झाली. अपिलात गुणकपात मागे घेण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्या सामन्यात तब्बल सात लाल कार्डे निघाली. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशा संघांमागे अख्ख्या पेठा उभ्या असतात. तिथे शिट्टी वाजवणाऱ्या पंचाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यांतून जायचे असते.

पूर्ण व्हीएआर यंत्रणेला अनेक कॅमेरे, प्रशिक्षित पंच आणि मोठा खर्च लागतो. व्हिडीओ सपोर्टसारखी कमी कॅमेऱ्यांवर चालणारी पद्धत भारताला अधिक परवडू शकते. निर्णयाचे कारण सांगायला मात्र फारसा खर्च येत नाही. बंगळूरुत ‘झटपट फ्री किक घेण्याची परवानगी दिली होती’ एवढे एक वाक्य कर्णधाराला आणि स्टेडियमला तिथल्या तिथे सांगितले गेले असते, तरी केरळचे चाहते चिडलेच असते. पण ते नेमक्या कशावर चिडायचे, हे त्यांना कळले असते.