आखाजी ते आखाजी

आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजी ते आखाजी, अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया, चालतं. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो, नवी बोली ठरते. 1986च्या आखाजीला बोरीकाठच्या आमच्या गावात, आमच्याच खळ्यात, एकोणीस वर्षांचा एक मुलगा सालाने राहिला. मी सतराची होते.

वर्षभरात त्याच्याशी बोलले ते इतकंच : बैलांना पाणी पाजलं का, दादा बोलावतात. बाकी सगळं मैत्रिणीपाशी. भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरताना, कापूस वेचताना, नदीवर धुणं धुताना ती ऐकून घ्यायची. मालकाची लेक आणि सालदार, याचा शेवट तिलाही ठाऊक होता. तिने तो कधी उच्चारला नाही.

1987ची आखाजी. बायका गौराईची गाणी म्हणत होत्या. निंबाच्या झोक्यावर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो. खळं माझ्या पाठीशी, तिच्या डोळ्यांसमोर. झोका वर गेला की ती हळूच सांगायची. हिशेब झाला. गाठोडं उचललं. वळणावर गेला. मग ती गप्प झाली. तो अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसला, यंत्रमागावर कामाला. त्या गाडीने आमच्याकडची कितीतरी पोरं गेली.

पुढे ती शिंदखेड्याकडे दिली गेली, मी जळगावला. पत्रं लिहिणं आमच्यात नव्हतं. न्यायला मुराळी यायचा, आखाजीचे चार दिवस माहेरी मिळायचे, तेवढ्यात वर्ष सांगून व्हायचं.

गाव बदलत गेलं. बैल गेले, ट्रॅक्टर आले. 2002 नंतर बीटी कापूस आला, ठिबकच्या नळ्या पसरल्या. सालाने राहणारा माणूस आता शोधूनही मिळत नाही. माझी भाची मनातलं ज्याच्यासाठी आहे, थेट त्यालाच फोनवर सांगते. आमच्या तोंडाला होतं ते कुलूप तिच्या तोंडाला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जे आपल्याच्याने बघवत नाही, ते आपल्यासाठी बघणारी एक मैत्रीण तिलाही असावी.

निंब रस्त्यात गेला. गेल्या आखाजीला गोठ्याच्या लोखंडी पाइपाला झोका बांधला. गुडघ्यांमुळे उभं राहता येईना, म्हणून दोघी शेजारी बसलो. दोघींच्याही समोर खळ्याचं दार होतं.

‘काय दखास तुले?’ तिने विचारलं.

‘तुले दखास तेच,’ मी म्हटलं.