छत्रीखालची वाळू कोणाची?

समुद्रावर जायचं म्हणजे आपल्याकडे काय लागतं? एक जुनी चादर, भडंगाचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि ओल्या कपड्यांसाठी एक पिशवी. गुहागर असो की हर्णै, वाळू दिसली की चादर अंथरायची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी इटलीत बोलोन्याला माझ्या भाचीकडे गेले होते. तिथून आम्ही आगगाडीने रिमिनी या समुद्रकाठच्या गावी आठ दिवस राहायला निघालो, तेव्हा सवयीनं मी चादर पिशवीत भरली. भाची हसली. म्हणाली, "मावशी, चादर राहू दे. आपली छत्री सांगून ठेवली आहे."

छत्री सांगून ठेवायची म्हणजे काय, ते तिथं पोचल्यावर कळलं. नजर पोचेल तिथवर छत्र्याच छत्र्या, आपल्या शाळेच्या कवायतीसारख्या ओळीत. एका पट्ट्यात सगळ्या निळ्या, पुढच्या पट्ट्यात पिवळ्या. अशा प्रत्येक पट्ट्याला 'बान्यो' म्हणतात, त्याला नंबर असतो आणि गावातली माणसं पत्ता सांगतानाही तो नंबर सांगतात. छत्रीखाली दोन आरामखुर्च्या, मागं कपडे बदलायच्या खोल्या, गोड्या पाण्याचा फवारा, कॉफीचं दुकान. समुद्राला लागून असलेली पहिली ओळ सर्वांत महाग. आमची सातवी ओळ, दिवसाला तीस युरो.

शेजारच्या छत्रीखाली मोदेनाहून आलेल्या एक आजी होत्या. गेली चाळीस वर्षं तीच ओळ, तीच छत्री. मुलं तिथंच पोहायला शिकली, आता नातवंडं वाळूचे किल्ले करत होती. आजूबाजूची पाच-सहा कुटुंबंही दरवर्षी तीच. दुपारी डबे उघडले की एकमेकांच्या ताटात वाढणं चालायचं. चाळीतली गॅलरी उचलून समुद्रावर आणून ठेवावी, तसं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच पाण्याच्या कडेनं चालत निघाले. पाय दुखले म्हणून एका अनोळखी बान्योसमोर ओल्या वाळूवर पंचा अंथरून बसले. दोनच मिनिटांत एक तरुण आला, अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, इथं चालता येतं, अंथरता येत नाही." मोकळा किनारा कुठं आहे विचारलं, तर त्यानं दूर बंदराच्या बाजूला हात केला. राग आला, पण खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

इटलीच्या कायद्यानं समुद्रकिनारा कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही. १९४२ च्या नागरी संहितेत आणि त्याच वर्षीच्या नौकानयन संहितेत किनारा आणि वाळू ही सरकारची, म्हणजे जनतेची मालमत्ता आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. सरकार ती विकत नाही, ठराविक मुदतीच्या परवान्यावर वापरायला देतं. परवानेदारानं लोकांना पाण्यापर्यंत फुकट जाऊ दिलंच पाहिजे, हेही २००६ च्या अखेरीस झालेल्या कायद्यात आहे. पाण्यालगतची साधारण पाच मीटरची पट्टी ये-जा करायला मोकळी ठेवायची, तिथं छत्री-खुर्ची लावायची नाही, असे स्थानिक नियम असतात. म्हणजे समुद्र सर्वांचा, पण टेकायला जागा हवी तर पावती फाडा!

हे असं झालं कसं? समुद्रस्नान हे मुळात श्रीमंतांचं औषध. डॉक्टर लिहून देत आणि उमराव मंडळी खाऱ्या पाण्यात डुंबायला येत. व्हियारेज्जोला १८२८ मध्ये आणि रिमिनीला १८४३ मध्ये स्नानगृहं उभी राहिली. विसाव्या शतकात फॅसिस्ट राजवटीनं कामगारांच्या मुलांसाठी किनाऱ्यावर प्रचंड वसतिगृहं बांधली. रिमिनीजवळ कात्तोलिका इथं १९३४ साली जहाजांच्या आकाराच्या इमारती उभारल्या, त्यांत आज मत्स्यालय आहे. मुलांना हवापालट मिळाला, पण कवायत आणि जयजयकारासकट.

खरी गर्दी आली ती महायुद्धानंतर. बॉम्बहल्ल्यांत रिमिनीचा चुराडा झाला होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कारखाने वाढले, पगारी रजा मिळू लागली, १९५५ मध्ये फियाटची छोटी '६००' मोटार आली, १९६४ मध्ये मिलान ते नेपल्स महामार्ग पुरा झाला. गाडीच्या टपावर सामान बांधून कुटुंबं समुद्राकडे निघाली. इथल्या कोळी-शेतकरी कुटुंबांतल्या पुरुषांनी वाळूत खांब रोवून छत्र्या लावल्या, बायकांनी घराच्या खानावळी केल्या. आजचे कितीतरी बान्यो त्यांच्या नातवंडांकडे आहेत. कामगाराला परवडणारी सुट्टी या लोकांनी घडवली, हे त्यांचं श्रेय नाकारता येणार नाही.

गाडं अडलं ते भाड्यावर. परवाने आपोआप वाढत राहिले, भाडी मात्र जिथल्या तिथं. वर्षाचं किमान भाडं चारशे युरोंच्याही आत होतं, ते २०२१ पासून अडीच हजार केलं. मोठ्या जागांना जास्त पडतं, तरी हिशेब करून पाहा : आमच्या सातव्या ओळीतली एक छत्री तीन महिन्यांत तेवढं मिळवते. तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयानं मांडलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०२० या काळात देशभरातल्या किनाऱ्यांपासून सरकारला वर्षाकाठी सरासरी जेमतेम १० कोटी युरो मिळाले. दुसरीकडे लेगाम्बिएन्ते ही पर्यावरण संस्था सांगते, की लिगुरिया, एमिलिया-रोमान्या आणि कांपानिया या प्रांतांत वाळूच्या किनाऱ्याचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग अशा परवान्यांखाली गेला आहे. उरलेला मोकळा किनारा पुष्कळदा नदी-नाल्याच्या तोंडाशी, जिथं पोहू नये अशी पाटी असते!

युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशानुसार अशा मर्यादित सार्वजनिक जागा खुल्या निविदा काढूनच द्यायला हव्यात. इटलीतलं एकामागून एक सरकार मुदतवाढ देत राहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये इटलीच्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती बेकायदा ठरवली, एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयानंही तेच सांगितलं. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं वटहुकूम काढला : चालू परवाने सर्वसाधारणपणे सप्टेंबर २०२७ पर्यंत, दरम्यान निविदा.

या धाकधुकीचं एक दृश्य मी पाहिलं. ९ ऑगस्टला सकाळी किनाऱ्यावर गेले तर एका पट्ट्यातल्या सगळ्या छत्र्या मिटलेल्या, शेजारच्या पट्ट्यात मात्र उघड्या. चालकांच्या संघटनांनी दोन तासांचा संप पुकारला होता. आमचा बान्यो चालवणारा पन्नाशीचा गृहस्थ म्हणाला, "निविदा निघाली तर बोली कोण जिंकणार? मी, की मिलानची एखादी बडी कंपनी? आणि मग छत्रीचा भाव काय होईल?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तीस युरो नसलेल्या माणसानं कुठं बसावं, यावर त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. मला गोव्यातले शॅक आठवले. तिथं सरकार ठराविक हंगामांसाठी सोडत काढून जागा देतं आणि पावसाळ्यापूर्वी शॅक मोडावा लागतो. तक्रारी तिथंही रग्गड आहेत, पण वाळूवर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क तरी बसत नाही.

१५ ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन, इटलीत 'फेर्रागोस्तो'. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेली ही सुट्टी पुढं मेरी मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाशी जुळली. त्या दिवशी सगळा देश समुद्राकडे धावतो. आमच्या बान्योत एकही खुर्ची रिकामी नव्हती. मी भाचीला म्हटलं, चल, आज बंदराकडे. तिथल्या मोकळ्या किनाऱ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बांगलादेशी, सेनेगाली, पेरूची कुटुंबं, इटालियन विद्यार्थी, कोणी कलिंगड कापतंय, कोणी ढोलकी वाजवतंय. भाचीनं चार पावलांची जागा हेरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून चादर काढली.

निघायच्या दिवशी मोदेनाच्या आजींचा निरोप घ्यायला गेले, तर त्या चालकाशी पुढच्या वर्षीच्या छत्रीचं बोलत होत्या. त्यानं वहीत नाव लिहिलं. आजींनी बोटं मोडून २०२५, २०२६, २०२७ असे तीन उन्हाळे मोजले आणि तिन्हींसाठी लिहून ठेव म्हणाल्या.