पहिली मीटिंग पटली नाही तर…

पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या की हातात वेळ उरतो. अशा दिवसांत एखादा खलाशी घरच्यांच्या आग्रहाखातर दारू सोडायचे ठरवतो, मीटिंगला एकदा जाऊन येतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. ‘माका ता जमूचा नाय,’ एवढेच सांगतो. घरचे म्हणतात, निश्चय कच्चा. पण पुष्कळदा निश्चय ठीक असतो. ती मीटिंग त्याला सोयीची नसते.

या मीटिंगांची सुरुवात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. शेअरबाजारात काम करणारे बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दोघेही दारूत बुडालेले. एका दारुड्याचे बोलणे दुसऱ्या दारुड्याला लागते, हे त्यांना उमगले. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे ‘एए’चा स्थापना दिन मानला जातो. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली. इथे फी नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

याचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एए आणि तिच्याशी रुग्णाला जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. फायदा खरा आहे, पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. म्हणून आपल्याला टिकवून धरणारा गट शोधणे महत्त्वाचे.

त्याआधी एक खबरदारी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हातपाय थरथरणे, फिट येणे, दोन-तीन दिवसांनी भ्रम होणे असे त्रास होतात. ते जिवावरही बेतू शकतात. त्यामुळे आधी डॉक्टर, मग मीटिंग.

गट निवडताना पहिला प्रश्न ओळखीचा. वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. देवबाग किंवा सर्जेकोटच्या माणसाला आपल्याच गावात मीटिंगला जायचा संकोच वाटत असेल, तर त्याने दुसऱ्या तालुक्यातला गट शोधावा. मात्र परतीची शेवटची एसटी आधी पाहून ठेवावी. काही मीटिंग ‘खुल्या’ असतात. तिथे नातेवाईकही बसू शकतात. ‘बंद’ मीटिंग फक्त व्यसनींसाठी असते. पहिल्यांदा नुसते ऐकायला गेले तरी चालते, बोलण्याची सक्ती नसते.

दुसरा प्रश्न वेळेचा. पूर्वी ज्या वेळी पावले बारकडे वळायची, त्याच वेळची मीटिंग मिळाली तर उत्तम. कुणी पहाटे समुद्रात जातो, कुणी दोन-तीन दिवस परतत नाही. अशांना बंदरावर आल्यावर मोबाइलवरची ऑनलाइन मीटिंग सोयीची पडते.

तिसरा प्रश्न भाषेचा आणि श्रद्धेचा. शेजारच्या गोव्यात अनेक ठिकाणी एएच्या मीटिंग होतात, पण भाषा कोणती ते आधी विचारावे. मनातले सल परक्या भाषेत सांगता येत नाहीत. बारा पायऱ्यांमधली ‘उच्च शक्ती’ कुणाला ग्रामदैवतात दिसते, कुणाला त्या गटातच. कुणाला ही कल्पनाच पटत नाही, तर त्याने समुपदेशनाकडे वळावे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून थोडक्या भेटींचा उपचार करून पाहिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे पिणे आटोक्यात आले; नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा प्रयोग मात्र घातक पिणाऱ्यांवर होता, तीव्र व्यसन जडलेल्यांवर नव्हे.

काही खुणा मात्र लगेच सावध करणाऱ्या. कुणी डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगितले, पैशांचा आग्रह धरला, मीटिंगमधले बोलणे बाहेर नेले किंवा घसरलेल्याचा अपमान केला, तर तो गट सोडावा. तसे काही नसेल, तर एकाच भेटीवरून मत बनवू नये. तीन-चार वेळा जावे, शक्य असल्यास दोन वेगवेगळे गट पाहावेत.

घरच्यांनाही आधार लागतो. त्यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट आहे. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो.

सुरुवात कुठून करावी? जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना विचारावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. पहिल्या मीटिंगहून निघताना तिथल्या दोघांचे फोन नंबर मागून घ्यावेत. पुढच्या वेळी तल्लफ आली की आधी त्यांना फोन करावा. मध्येच पिणे झाले तरी त्याच मीटिंगला परत जाता येते. तिथे बसलेल्यांपैकी अनेक जण असेच परत आलेले असतात.