सुपरमॅनच्या उतरणीची नऊ वर्षे

१९७८ च्या डिसेंबरात सुपरमॅनचा पहिला भव्य चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि १९८७ च्या जुलैमध्ये चौथ्या चित्रपटापाशी ती मालिका जी थांबली ती पुढे एकोणीस वर्षे थांबलीच. या नऊ वर्षांचा मागोवा आज घ्यावासा वाटतो, याला कारण आहे. २०२३ साली 'द फ्लॅश', 'द मार्व्हल्स' यांसारखे अवाढव्य खर्चाचे चित्रपट एकामागून एक कोसळले, तेव्हा प्रेक्षक या महामानवांना विटला आहे, असे निदान जिकडेतिकडे करण्यात आले. मला ते अपुरे वाटते. प्रेक्षक विटण्याच्या कितीतरी आधी निर्मात्यांचाच आपल्या कथेवरील विश्वास आटलेला असतो, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा सुपरमॅनच्याच दप्तरात सापडतो.

या पात्राचा जमाखर्च प्रथमपासूनच अन्यायाचा होता. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले. पुढे चित्रपटाची घोषणा झाली, त्या सुमारास वृद्धापकाळी विपन्नावस्थेत दिवस कंठणाऱ्या सुपरमॅनच्या या दोन जनकांची हकीकत वृत्तपत्रांत गाजली, तेव्हा कोठे १९७५ मध्ये प्रत्येकी सालीना २०,००० डॉलरांचा तनखा मंजूर झाला आणि त्यांची नावे त्यांच्या निर्मितीला पुन्हा जोडली गेली.

चित्रपटाची निर्मिती अलेक्झांडर साल्काइंड आणि त्यांचे चिरंजीव इल्या यांच्याकडे होती. 'गॉडफादर'कार मारिओ पूझो यांच्या मूळ मसुद्यावर अनेक हात फिरून त्यात थिल्लर प्रसंग शिरले होते. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी टॉम मँकीविट्झ यांच्याकडून तो संपूर्ण नव्याने लिहवून घेतला. आकाशातून उडणारा मनुष्य दाखवायचा, तर तो दाखवणाऱ्याने त्यावर आधी स्वतः विश्वास ठेवला पाहिजे, ही डॉनर यांची निष्ठा होती. झोरान पेरिसिक यांनी कॅमेरा आणि प्रक्षेपक या दोहोंची झूम-भिंगे एकाच गतीने फिरतील अशी योजना केली, त्यामुळे नट जागच्या जागी असूनही जवळ येताना वा दूर जाताना भासे. परंतु त्या यंत्राहूनही अधिक काम केले ते ख्रिस्तोफर रीव्ह या तोवर फारशा प्रसिद्ध नसलेल्या नटाने. केवळ पाठीचा कणा ताठ करून आणि आवाज किंचित खाली आणून भित्र्या क्लार्क केंटचा सुपरमॅन करणारा त्याचा अभिनय मी आजही आदराने पाहतो. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभरात तीस कोटींच्या आसपास उत्पन्न मिळवले.

पहिला आणि दुसरा हे दोन्ही भाग एकदमच चित्रित करण्याचा साल्काइंडांचा बेत होता. एकाच चित्रणातून दोन चित्रपट काढण्याचा प्रयोग त्यांनी 'थ्री मस्केटिअर्स'च्या वेळी केला होता, आणि त्या वेळी नटांनी दुहेरी मोबदल्यासाठी फिर्यादीही केल्या होत्या. दुसऱ्या भागाचे सुमारे तीन चतुर्थांश काम झाले असता, खर्चावरून निर्मात्यांशी बोलणेही उरले नव्हते अशा डॉनर यांना, पहिल्या भागाचा विजयध्वज फडकत असतानाच, बडतर्फ करण्यात आले. त्यांच्या जागी 'मस्केटिअर्स'चे दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर आले; दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव लागावे, एवढ्यासाठी झालेलेही काम पुन्हा चित्रित झाले, आणि मोबदल्याच्या तंट्यापायी सुपरमॅनच्या पित्याच्या भूमिकेतील मार्लन ब्रँडोची दृश्ये वगळण्यात आली. तरीही तो चित्रपट चालला. अमेरिकेत त्याला दहा कोटींहून अधिक डॉलर मिळाले. दुर्दैव असे, की हे यश पहिल्या चित्रपटाने साठवलेल्या पुण्याईचे होते, आणि निर्मात्यांनी ते आपल्या कारभाराचे मानले.

तिसऱ्या भागात, १९८३ साली, आरंभीच रस्त्यावरच्या पडापडीचे प्रहसन येते आणि रिचर्ड प्रायर या थोर विनोदी नटाभोवती सारी कथा फिरू लागते. डॉनर यांच्या बाजूने उघडपणे बोललेल्या मार्गो किडरची नायिका लोइस लेन त्यात जेमतेम काही मिनिटे दिसते. मोडक्या मोटारींच्या आवारात दुष्ट झालेला सुपरमॅन आणि क्लार्क यांची झुंज होते, तेवढ्या प्रसंगात मात्र रीव्ह पुन्हा सर्व शक्तीनिशी उभा राहतो. अमेरिकेतील उत्पन्न सहा कोटींवर उतरले. पुढच्या वर्षीच्या 'सुपरगर्ल'ला तेथे दीड कोटीही मिळाले नाहीत.

मग हक्क कॅनन या कंपनीकडे गेले. चौथ्या भागासाठी अण्वस्त्रांच्या निर्मूलनाचा विषय रीव्हने स्वतः सुचवला होता आणि कथेच्या रचनेतही भाग घेतला होता. त्याची तळमळ खरी होती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु कर्जात रुतलेल्या कंपनीने ऐन वेळी अंदाजपत्रक निम्म्याहून खाली, सुमारे एक कोटी सत्तर लाखांवर आणले. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीपुढचा प्रसंग इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या गावी उरकण्यात आला, आणि उड्डाणाचे एकच दृश्य पार्श्वभूमी बदलून पुनःपुन्हा वापरले गेले. जे पहिल्या भागात इतक्या श्रमाने श्रद्धेय केले होते, तेच येथे प्रेक्षकासमोर उघडे पडले, आणि प्रेक्षकाने तोंड फिरवले. जगाला शांतता देऊ पाहणारा नायक काटकसरीने मारला गेला, याचे मला आजही दुःख होते.

२००६ साली ब्रायन सिंगर यांनी तिसरा आणि चौथा भाग घडलेच नाहीत असे धरून दुसऱ्याच्या पुढे आपली कथा जोडली. तिला जगभरात सुमारे एकोणचाळीस कोटी मिळाले, तरी प्रचंड खर्चापुढे ते कमी ठरून पुढचा भाग निघाला नाही. त्याच वर्षी डॉनर यांच्या मूळ चित्रणातून दुसरा भाग नव्याने जुळवण्यात आला आणि ब्रँडो त्यात परतला. मात्र लोइस क्लार्कवर गोळी झाडून त्याचे खरे रूप उघड करते, हा त्यातील कळीचा प्रसंग चित्रित करण्याची संधी डॉनर यांना कधीच मिळाली नव्हती. तेथे रीव्ह आणि किडर यांच्या निवड-चाचणीच्या वेळच्या फिती जोडाव्या लागल्या. त्यांत रीव्हची अंगयष्टी अजून कृश आहे, केसांची ठेवणही वेगळी आहे, तरी संपूर्ण दुसऱ्या भागात मला सर्वाधिक पटतो तो हाच प्रसंग.