जी-२० ची बैठक आणि आपल्या हातातला मोबाइल



२७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ ला आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात देशोदेशीच्या बायांची बैठक झाली. तिचं नाव डब्ल्यू-२०, म्हणजे जी-२० मधला महिलांचा गट. बोदवडच्या गटांमधून आम्हाला नेहमी विचारतात, "ताई, याचा आपल्याशी काय संबंध?" आज तेच बोलू.

जी-२० म्हणजे मोठ्या अर्थव्यवस्थांचं मंडळ. त्यात १९ देश आणि युरोपीय संघ. २०२३ च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकी संघही आला. सुरुवात १९९९ मध्ये अर्थमंत्र्यांपासून झाली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या बँका कोसळल्या, जगभर मंदी आली, तेव्हापासून देशांचे प्रमुख एकत्र बसू लागले.

कामाची रीत आपल्या बचत गटासारखी आहे. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. आधीचा, आताचा आणि पुढचा अध्यक्ष देश मिळून काम पाहतात. कायमचं कार्यालय नाही. मतदान नाही, सगळ्यांचं एकमत झालं तरच ठराव. फरक एवढाच, की आपल्याकडे हप्ता चुकला तर दंड बसतो. तिथे शब्द मोडला तर दंड नाही. ठराव पाळायचा की नाही, हे त्या त्या देशाच्या सरकारवर.

मग बायांचं काय? २०१४ मध्ये ब्रिस्बेनला या देशांनी ठरवलं, की कामधंद्यातली स्त्री-पुरुषांमधली तफावत २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करायची. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षपदात डब्ल्यू-२० सुरू झाला. हा गट फक्त शिफारशी करतो. निर्णय सरकारांचे. सप्टेंबर २०२३ च्या दिल्ली जाहीरनाम्यात आणखी एक शब्द दिला आहे: मोबाइल-इंटरनेट वापरण्यातली स्त्री-पुरुष तफावत २०३० पर्यंत निम्मी करायची.

हा शब्द आपल्या घरापर्यंत येतो. खातं बाईच्या नावाचं, पण नंबर घरधन्याचा. मग ओटीपी त्याच्याकडे, पैसे आल्याचा मेसेजही त्याच्याकडे. कर्ज फेडायचं मात्र तिने!

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीने पासबुक आणावं. खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे, ते विचारून वहीत लिहावं. स्वतःचा नंबर असेल तर बँकेत अर्ज देऊन तो जोडून घ्यावा. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांची संख्या महिला ग्रामसभेत मांडावी. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदाच आहे. दिल्लीत दिलेला शब्द गावात मागायची जागा तीच.