अडीच गुंठ्यांचा मळा

शेती म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एकरांचा हिशेब उभा राहतो. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यास आपण परस म्हणतों, आणि परसांत जें पिकतें त्याची टिपणवही सहसा कोणी ठेवीत नाहीं. तथापि थोड्या जमिनीची आणि त्याहून थोड्या पाण्याची व्यवस्था कशी करावी, हें ज्यास शिकावयाचें असेल त्यानें मोठ्या बागायतदाराकडे न जातां एखाद्या लहान मळेवाल्याकडे जावें, असें माझें मत झालें आहे. तें कसें झालें, हें शेतकरी बंधुभगिनींस निवेदन करावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

सन २०२२ च्या जून महिन्यांत आम्ही उभयतां पतिपत्नी कन्येकडे इंग्लंडांत गेलों. ती केंट परगण्यांतील एका गांवीं राहते. तिच्या घरामागच्या कुंपणापलीकडे एक शेत आहे. परंतु तें एका मालकाचें नसून लहान लहान तुकड्यांत वांटलेलें आहे. प्रत्येक तुकडा निराळ्या कुटुंबाकडे. अशा तुकड्यास तिकडे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. जमीन बहुधा स्थानिक संस्थेच्या मालकीची असते, आणि वार्षिक खंड घेऊन ती गांवकऱ्यांस लावून दिली जाते. पूर्ण तुकड्याचें रूढ माप दहा रॉड, म्हणजे एकराचा सोळावा भाग. आपल्या मापानें तो बरोबर अडीच गुंठे भरतो.

या मळ्यांचा इतिहास आपल्या गायरानांच्या इतिहासाची आठवण करून देणारा आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील गांवोगांवच्या सामाईक जमिनींस कुंपणें पडलीं आणि मजुरांचा चराईचा व सरपणाचा आधार गेला. त्यांना निदान भाजीपाल्यापुरती जमीन मिळावी, या विचारांतून असे तुकडे देण्याची प्रथा वाढली. १९०८ च्या कायद्यानें, मागणी असेल तेथें ते पुरविण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोंपविलें. १९२२ च्या कायद्यानें त्यांची व्याख्या केली : क्षेत्र पाव एकराहून अधिक नसावें, आणि कसणाऱ्यानें तें सर्वस्वीं किंवा मुख्यत्वें स्वतःच्या कुटुंबास लागणाऱ्या भाज्या व फळें पिकविण्यासाठीं वापरावें. दुसऱ्या महायुद्धांत अन्नाची चणचण भासूं लागतांच सरकारनें घरोघर भाजी पिकविण्याची मोठी मोहीम काढली. फुलांचे ताटवे व हिरवळी खणून तेथें बटाटे लावले गेले, आणि अशा तुकड्यांची संख्या सुमारें १४ लक्षांवर गेली.

आमच्या कुंपणालगतचा तुकडा एका वृद्ध दांपत्याकडे होता. गृहस्थ शहात्तर वर्षांचे, रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले. बाई पूर्वी शाळेंत शिक्षिका होत्या. गृहस्थांच्या वडिलांनीं युद्धकाळांत असाच तुकडा कसला होता, आणि ब्रिटनमधील शिधावाटप १९५४ पर्यंत चालू राहिल्यामुळें गृहस्थांचें बालपण मोजून मिळालेल्या अन्नावर गेलें होतें. त्यामुळें ‘जें खातां येत नाहीं तें लावूं नये’ हा त्यांचा वडिलोपार्जित सिद्धान्त होता. बाईंस फुलांची आवड. कायद्यांत ‘मुख्यत्वें’ असा शब्द आहे, आणि बाईंचीं फुलें त्या एका शब्दाच्या आश्रयानें नांदत होतीं.

इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपले पावसाळ्याचे महिने. जूनच्या उत्तरार्धांत तिकडे दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि पिकें त्या उजेडावर झपाट्यानें वाढतात. मळ्याची आंखणी पाहण्यासारखी होती. उत्तरेच्या कडेस बांबूंच्या दुहेरी रांगेवर लाल फुलांच्या घेवड्याचे वेल चढविलेले. उंच वेलांची सावली इतर पिकांवर पडूं नये म्हणून ते उत्तरेस. मधून पायवाट. तिच्या एका अंगास बटाटे, कांदे, बीट व गाजरें. दुसऱ्या अंगास टोमॅटो, लेट्यूसचा वाफा आणि झुकिनीचीं चार झाडें. बाईंचीं फुलें मात्र एका जागीं नव्हतीं. घेवड्याच्या रांगेच्या दोन्ही टोकांस स्वीट पी नांवाचा सुगंधी फुलवेल, टोमॅटोच्या पायथ्याशीं झेंडू, आणि पायवाटेच्या कडेनें एकेरी पाकळ्यांच्या डेलियाचीं सहा झाडें.

स्वीट पीविषयीं बाईंनीं सांगितलेली गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हा वेल जोंपर्यंत शेंग धरीत नाहीं तोंपर्यंत फुलत राहतो; शेंगा पिकूं दिल्या कीं आपलें काम झालें असें समजून फुलणें थांबवितो. म्हणून त्या दररोज सकाळीं फुलें खुडीत आणि शेजाऱ्यांस वांटीत. याच्या शेंगा विषारी असल्यानें मुलांस त्यांपासून दूर ठेवीत. घेवड्यास मात्र उलट काळजी. त्याच्या फुलांवर केसाळ भुंगा येऊन बसल्यावांचून शेंगा नीट धरत नाहींत. आंखूड सोंडेचे भुंगे कधीं कधीं फुलाच्या देंठाशीं भोंक पाडून चोरवाटेनें मध पितात, आणि मग फुलाचें काम होत नाहीं. हें सर्व त्या बाई बोटानें दाखवून सांगत, कन्या दुभाषीपण करी, आणि माझी पत्नी मान डोलावी.

जुलै महिन्यांत पावसानें दडी मारली. इंग्लंडांत १९३५ नंतर इतका कोरडा जुलै झाला नव्हता. त्या महिन्याच्या १९ तारखेस त्या देशांत नोंदींच्या इतिहासांत प्रथमच पारा ४० अंशांपलीकडे गेला. लिंकनशायरमधील कॉनिंग्स्बी येथें ४०.३ अंश सेल्सिअस उष्णता नोंदली गेली. लातूर जिल्ह्यांतल्या माझ्यासारख्या शेतकऱ्यास ४० अंशांचें नवल नाहीं; परंतु थंड हवेंत वाढणाऱ्या पिकांस तो मोठा तडाखा होता. लेट्यूस एका आठवड्यांत तुरे काढून कडू झाली. घेवड्याचीं लाल फुलें शेंग न धरतां गळूं लागलीं. सकाळीं पाहावें तों वेलांखालीं फुलांचा सडा.

मळ्यावर नळीची सोय नव्हती. एक सामाईक टांकी आणि प्रत्येकाचीं पावसाच्या पाण्याचीं पिंपें. पिंपें तर केव्हांच रिकामीं झालीं होतीं. एके सायंकाळीं गृहस्थांनीं टिपणवही उघडून माझ्यापुढें हिशेब मांडला. एका चौरस मीटरास दहा लिटर पाणी दिलें तर एक सेंटिमीटर पाऊस पडल्यासारखें होतें. अडीच गुंठे म्हणजे सुमारें २५० चौरस मीटर. अर्थात् सर्व मळा एकदां भिजविण्यास अडीच हजार लिटर पाणी हवें. त्यांची झारी नऊ लिटरांची. म्हणजे सुमारें २८० झाऱ्या. दोघां म्हाताऱ्यांच्या हातून एका सायंकाळीं फार तर चाळीस झाऱ्या उचलल्या जात. तेव्हां प्रश्न पाणी कोणास द्यावें हा नव्हता. कोणास देऊं नये, हा होता.

गृहस्थांनीं यादी केली. आगाप बटाटे निघाले होते, कांदे पिकत आले होते. त्या दोहोंस पाणी बंद. लेट्यूसची आशा सोडली. झुकिनीचीं चारांपैकीं तीन झाडें उपटून खताच्या ढिगावर टाकलीं, कारण एका झाडावर घरास पुरेल इतकें येतें. बीट व गाजरांस आठवड्यांतून एकदां, पण खोलवर. टोमॅटोस नियमितपणें. सर्वांत अधिक पाणी घेवड्यास, तेंही मुळांशीं. फुलांवर पाणी शिंपडल्यानें शेंगा धरतात अशी तिकडे जुनी समजूत आहे. परंतु खरा उपयोग मुळांशीं दिलेल्या पाण्याचाच, असें त्यांचें सांगणें होतें. यादीच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें : ‘फुलें – बंद.’

बाईंनीं यादी वाचली. त्या रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “झाऱ्या चाळीस. वीस तुम्ही उचलतां, वीस मी उचलतें. तुमच्या वीस कोठें घालावयाच्या तें तुम्ही ठरवा. माझ्या वीस कोठें घालावयाच्या तें मी ठरवीन.” गृहस्थ क्षणभर थांबले आणि त्यांनीं शेवटची ओळ खोडली. बाईंनींही हट्ट केला नाहीं. स्वीट पी उन्हानें संपत आली होती, ती त्यांनीं आपल्याच हातानें उपटली. आपल्या वीस झाऱ्यांपैकीं सोळा त्यांनीं भाज्यांस दिल्या आणि चारच झेंडू व डेलिया यांस.

कन्येनें हें मराठींत सांगितलें तेव्हां माझी पत्नी कांहींच बोलली नाहीं, आणि मला तिच्याकडे पाहवेना. सन २०१६ च्या दुष्काळांत, ज्या वर्षीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आमच्या परसांत मोगऱ्याचीं पांच झाडें होतीं. तीं तिनें माहेराहून आणलेलीं. विहिरीनें तळ गांठल्यावर ‘फुलांस पाणी नाहीं’ असा हुकूम मीं काढला आणि तीं झाडें वाळलीं. हुकूम चूक होता असें मी आजही म्हणत नाहीं. त्या उन्हाळ्यांत जनावरांच्या तोंडचें पाणी मोगऱ्यास देणें शक्य नव्हतें. परंतु परसांतलें तें पाणी डोक्यावरून तीच आणीत होती, आणि मीं तिला विचारलें नव्हतें.

ऑगस्टच्या १२ तारखेपासून केंट व ससेक्स भागांत बागांस नळीनें पाणी घालण्याची मनाई झाली. आमच्या शेजाऱ्यांस तिची झळ लागली नाहीं, कारण ते झारीवरच होते. त्यांनीं गवताच्या वाळल्या काडीचें जाड आच्छादन घेवड्याच्या आळ्यांवर घातलें आणि पाणी सूर्य कलल्यावर देऊं लागले. महिन्याच्या उत्तरार्धांत कांहीं सरी आल्या, रात्री थंड झाल्या, आणि सप्टेंबरांत घेवड्यास पुन्हा बहर येऊन शेंगा लगडल्या. हें फुलांमुळेंच झालें, असें मी म्हणणार नाहीं; गारवा आणि ओलावा हींच कारणें मोठीं. परंतु आजूबाजूचे ताटवे करपले असतां त्या सहा डेलियांवर भुंगे दिवसभर राबत होते, आणि घेवडा पुन्हा फुलला तेव्हां त्यांस दुरून बोलावून आणावें लागलें नाहीं, इतकें मीं डोळ्यांनीं पाहिलें. गृहस्थांनीं टिपणवहींत त्या दिवशीं काय लिहिलें तें मीं पाहिलें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या झाऱ्यांपैकीं एक डेलियाकडे जाऊं लागली.

भाजीच्या पिकांत फुलांस जागा देणें आपणांसही अपरिचित नाहीं. टोमॅटोच्या सोळा ओळींमागें झेंडूची एक ओळ लावावी, अशी शिफारस बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें केलेली आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जाऊन तेथें अंडीं घालतो. त्यासाठीं झेंडूचें रोप टोमॅटोच्या रोपाहून सुमारें वीस दिवस आधीं तयार असावें लागतें, म्हणजे दोहोंचा बहर एका वेळीं येतो. वालघेवडा, भोपळा, दोडका, कारलें यांच्या कडेनें फुलझाडें असलीं तर मधमाश्यांचा वावर वाढतो. सिरफिड माशी फुलांवर येते आणि तिच्या अळ्या मावा खातात.

निघण्याच्या आदल्या दिवशीं बाईंनीं पत्नीच्या हातीं घेवड्याच्या बियांचें पाकीट ठेविलें. जांभळ्या रंगावर काळे ठिपके असलेलें फार सुंदर बीं. परंतु परदेशांतून बीं आणण्यास २००३ च्या वनस्पति-विलगीकरण आदेशाप्रमाणें परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. परक्या बियांबरोबर परका रोग येऊं नये, यासाठीं हा निर्बंध आहे, आणि शेतकऱ्यानेंच तो मोडणें शोभत नाहीं. आम्हीं तें पाकीट नम्रपणें परत केलें व कारण सांगितलें. बाईंस वाईट वाटलें नाहीं. उलट कायद्यांतील शब्दांचें महत्त्व त्या चांगल्या जाणत होत्या.

परत आल्यावर मीं प्रथम परसाचें माप घेतलें. तें अडीच गुंठ्यांहून थोडें अधिकच भरलें. आतां तेथें वांगीं, मिरची, गवार, वेलावर दोडका आहे. कडेनें झेंडू आहे. आणि पत्नीनें पुन्हा मोगरा लावला आहे. चैत्र-वैशाखांत विहीर खालावली कीं आम्ही घागरी मोजतों. निम्म्या मी ओततों, निम्म्या ती.

वाचकांस एवढीच सूचना कीं, येत्या उन्हाळ्यापूर्वीं आपल्या परसाचें माप घ्यावें, रोज किती पाणी हातीं येणार याचा अदमास करावा, आणि तें कोणत्या पिकास द्यावयाचें व कोणत्यास तोडावयाचें याची यादी पाणी आटण्यापूर्वींच करून ठेवावी. मात्र ती यादी एकट्यानें करूं नये. जो पाणी वाहतो त्याचा, आणि जी पाणी वाहते तिचा, त्या यादींत अर्धा वांटा असावा. अडीच गुंठ्यांत एवढी गोष्ट साधली तर अडीच एकरांतही ती साधेल.